कापसाच्या खोलीतली कॅसेट

मास्तर गळ्यात काळी पट्टी बांधायचे. तिला टाय म्हणतात एवढं मलाही कळत होतं, पण फोटोतल्या वकिलांचे टाय मी पाहिले होते, ते चांगले रुंद असतात. मास्तरांचा दोन बोटांचा होता. चैत्रात धरणगावची कुत्री गटारीतून उठत नाहीत, त्या उन्हातही मास्तर सदऱ्याचं वरचं बटण लावून, पट्टी आवळून शाळेत चित्रकला शिकवायला निघायचे. आमच्या ह्यांनी एकदा काळजीने विचारलं, मास्तर, गळ्याला गाठ-बिठ आली आहे का. मास्तर म्हणाले, "आबा, सगळ्या जगात सध्या अशीच चालते." चालत असेल. आमच्या गल्लीत ती एकाच गळ्यात चालली.

ते मूळचे धुळ्याचे. आमच्या ओसरीच्या अंगची खोली त्यांना भाड्याने दिली होती. येताना सामान म्हणून एक वळकटी, एक ट्रंक आणि गोधडीत गुंडाळलेली विजेवरची गिटार. पहिल्याच हिवाळ्यात मी पाहिलं की हा माणूस स्वतः चादरीवर भागवतो आणि गोधडी गिटारला घालतो. तेव्हाच मी ह्यांना सांगितलं, हा पुढे त्रास देणार.

चित्रकला शिकायला ते मुंबईत राहिले होते. तिथे चित्रकला किती शिकले ते देवाला ठाऊक, कारण आमच्या शाळेत वर्षानुवर्षं ते पोरांकडून एकच फुलदाणी काढून घेत होते. पण मुंबईत कुणा मित्राकडे त्यांनी परदेशातल्या कॅसेटी ऐकल्या आणि तिथे डोकं फिरलं. त्या कॅसेटींतली पोरं म्हणे बारीक टाय बांधतात, उड्या मारत गातात आणि गाणं चटकन संपवतात. हे चटकन संपवणं मास्तरांच्या मनात जाऊन बसलं. मी भाकरी थापत असले की उंबऱ्याशी बसून सांगायचे, "अक्का, गाण्यात एकच गोष्ट सांगायची आणि दार लावून घ्यायचं." ह्यांच्या भजनी मंडळात एक अभंग अर्धा-अर्धा तास चाले, त्यावर मास्तरांचा फार राग. देवाला पहिल्या ओळीतच कळलेलं असतं, मग पुन्हा पुन्हा कशाला सांगायचं, असं ते ह्यांच्या तोंडावर बोलले. ह्यांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

स्वतः बोलायला लागले की मात्र मास्तरांचं दार लागत नसे. माझी भाकरी तव्यावर करपायची.

गाणी वाजवायची त्यांची एक मंडळी होती, तिघांची. तिला नाव दिलं होतं 'डबल बेल'. कंडक्टरने दोनदा घंटी ओढली की एसटी निघते, तशी आपली गाणी निघाली पाहिजेत, असं त्याचं कारण. प्रत्यक्षात आमच्या स्टँडवर डबल बेल झाल्यावरही ड्रायव्हर उतरून चहाला जातो, पण ते मास्तरांना कोण सांगणार. ड्रम वाजवायला रशीद होता. तो लग्नसराईत बॅण्डमध्ये वाजवायचा आणि एरवी लाकडाच्या वखारीत कामाला असायचा. दुसरी, जाड तारांची गिटार वाजवायला मधू कंपाउंडर. तो कधी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. मास्तरांनी दोघांना आपल्यासारख्या पट्ट्या आणून दिल्या. मधूने बांधली. रशीदने त्याच्या पट्टीने सायकलच्या कॅरियरला डबा बांधला.

एकदा रशीदच्या ओळखीने त्यांना अमळनेरला वरातीत वाजवायला मिळालं. वरात म्हणजे काय, तर नवरदेव घोड्यावर आणि पुढे माणसं नाचताहेत. गाणं जेवढं लांब तेवढी वरात पुढे सरकते. इथे माणसं हात वर करून गिरकी घ्यायला लागली की गाणं खलास. मग मास्तर घाम पुसणार, तारा पिळणार, पुढच्या गाण्याचं नाव सांगणार. नाचणारे हात वर तसेच ठेवून उभे. पुन्हा सुरू, पुन्हा खलास. देवळापासून मांडवापर्यंत यायला जेवणाची वेळ टळून गेली, घोडा बसायला लागला, आणि नवरदेवाच्या मामाने खाली उतरून मास्तरांच्या गळ्यातली पट्टी धरली. तिचा उपयोग होतो हे मला तेव्हा समजलं. रशीदने हा किस्सा आमच्या ओसरीवर सांगितला तेव्हा मी हसून हसून डोळे पुसले. मास्तर शेजारी बसले होते. म्हणाले, "लोक तयार नाहीत, अक्का." मी म्हटलं, लोक तर तयारच होते, हात वर करून.

गाणी सगळी मुलींवर. एसटीच्या खिडकीपाशी बसलेली मुलगी, छत्री विसरून गेलेली मुलगी, पत्राचं उत्तर न देणारी मुलगी. माणूस चाळिशीला टेकलेला. गाण्यात त्या मुलींशी एवढं बोलायचे, आणि माझी भाची दोन दिवस राहायला आली तर ती जाईपर्यंत खोलीची कडी काढली नाही. पाण्याचा तांब्या खिडकीतून द्यावा लागला.

त्यांच्या धुळ्याच्या बहिणीने शेवटी एक स्थळ आणलं, पाचोऱ्याचं. आमचे हे वडीलधारे म्हणून सोबत गेले होते, त्यामुळे जे झालं ते मला शब्दाला शब्द ठाऊक आहे. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, बसली. बहीण म्हणाली, काही विचारायचं असेल तर विचार. मास्तरांनी विचारलं काहीच नाही. पाटामागे ठेवलेली गिटार काढली, विजेशिवाय तिचा आवाज तो केवढा, डबा वाजवल्यासारखा, आणि डोळे मिटून एक गाणं म्हटलं. पोहे निवायच्या आत संपलं. मुलीचे वडील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. तेवढ्यात मुलीने मान वर करून विचारलं, "झालं?"

स्थळ अर्थातच मोडलं. पण मास्तर परतीच्या गाडीत हवेत. ह्यांना म्हणाले, आबा, आजवर इतक्यांनी ऐकलं, पण गाणं संपलं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, हिच्या आलं. त्याच आठवड्यात त्यांनी नवीन गाणं बांधलं आणि त्याला नाव दिलं 'झालं?'. बाकीच्या गाण्यांपेक्षा ते बरं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यात ती मुलगी पोह्यांवर खोबरं भुरभुरवते आणि हा तिच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, एवढंच होतं. मी चुलीपाशी गुणगुणायला लागले आणि स्वतःवरच चिडले.

आता कॅसेटचं. त्या दिवसांत कॅसेटचं राज्य होतं. जळगावला एखादा कीर्तनकार दोनदा खोकला तरी त्याची कॅसेट निघायची. मास्तरांच्या मुंबईच्या मित्राच्या ओळखीचा एक माणूस कॅसेटी काढायचा. त्याने निरोप धाडला की गाणी दहा पाहिजेत, स्वच्छ पाहिजेत, बाहेरचा आवाज नको, आणि होळीच्या आत आणलीत तर ऐकतो. मास्तरांना जेवण जाईना. एक दिवस उंबऱ्याशी बसून, नेहमीसारखं लांबण न लावता म्हणाले, "अक्का, ही कॅसेट निघाली नाही, तर मी रिटायर होईपर्यंत फुलदाण्याच काढून घेणार." त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी हसले नाही.

पण स्वच्छ गाणी आणायची कुठून? त्यांच्या खोलीत भरली तर गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फडफडायचा. शाळेत भरली तर शेजारच्या कुंभाराची गाढवं. मळ्यात विहिरीपाशी भरायला गेले तर तिथे वीज नाही, आणि आली तेव्हा विहिरीवरचा पंपही चालू झाला. टेपरेकॉर्डर लावून आम्हाला ऐकवायचे. त्या छत्रीवाल्या मुलीच्या गाण्यात भंगारवाला इतका स्पष्ट यायचा की ह्यांनी एकदा उठून दारात जाऊन बघितलं.

खान्देशात दिवाळीनंतर घरात कापूस येतो आणि माणसं ओसरीवर येतात. भाव बरा होईतो, नाहीतर सरकारी खरेदी केंद्रावर गाडीचा नंबर लागेतो, वेचलेला कापूस राहत्या घरातच भरून ठेवायचा, अशी आमची रीत. आमची आतली खोली त्या वर्षी जमिनीपासून आढ्यापर्यंत भरली होती. एका सकाळी मी बैलांसाठी सरकी काढत असताना मास्तर मला काहीतरी विचारायला त्या खोलीच्या दारात आले आणि बोलता बोलता थांबले. पुन्हा एक शब्द बोलले. मग आत डोकं घालून ओरडले. मी म्हटलं, आता पुरतं गेलं.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "इथं आवाज मरतो."

मग ते महिनाभर माझ्या मागे. मी नाही म्हणत होते ते उगाच नव्हे. तो आमच्या वर्षभराच्या पोटाचा कापूस, आणि ह्या तिघांना त्यात गिटारचा आवाज मोठा करणारी विजेची पेटी लावायची. कापसाला ठिणगी पुरते. रशीदच्या तोंडात तर सदा विडी. पण आमचे हे मास्तरांच्या बाजूचे, भजनाचा राग विसरून गेलेले. शेवटी मी अटी घातल्या. विडी-काडी रस्त्यावर ठेवून यायची. वाजवायचं ते सकाळी, शाळेच्या आधी. आणि दारात मी पाण्याची बादली घेऊन बसणार, उठ म्हटलं की उठायचं. मास्तर म्हणाले, मोठ्या शहरात रेकॉर्डिंगला काचेपलीकडे एक माणूस बसतोच. म्हणजे मी तो माणूस.

त्यांनी कापूस मागे सारून दाराशी एक खोबण केली. सुगरणीच्या खोप्यात तीन बैल बसावेत तसे ते तिघं त्यात बसले. माइक आढ्याला टांगला. टेपरेकॉर्डर सेलवर चालवायचे, कारण वीज कधीही जायची. गिटारच्या पेटीची वायर तेवढी खिडकीतून ओसरीच्या प्लगला. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला हसूच आलं. रशीद जीव खाऊन बडवतोय आणि दारात ऐकू काय येतंय, तर कुणीतरी उशीवर थापट्या मारतंय. मास्तरांचे डोळे मात्र भरून आले होते. "बाहेरचं काही ऐकू येतंय, अक्का?" मी म्हटलं, आतलं येत नाही तर बाहेरचं कुठून येणार.

आता ज्यांनी कापूस घरात ठेवला नाही त्यांना एक सांगायला हवं. कापसात बारीक किडा असतो. अंगाला लागला की खाज सुटते ती अंघोळ करेपर्यंत जात नाही. आम्हाला सवय. ह्या तिघांना पहिल्या कडव्यातच सुरुवात व्हायची. पण हात तर वाजवण्यात गुंतलेले, खाजवणार कसं? मग एकच उपाय, गाणं लवकर संपवणं. रशीद जोर धरायचा, मधू त्याच्यामागे पळायचा, मास्तर दोन ओळी एका श्वासात म्हणायचे, आणि गाणं संपलं की तिघं बाहेर अंगणात येऊन गायी-म्हशींसारखे खांबाला पाठ घासायचे. आधीच लहान असलेली गाणी आता पुरती चिमुकली झाली. मास्तर घड्याळात बघून खूश. "हीच ती गती, अक्का. परदेशातली हीच गती." परदेशातल्या पोरांना कसली खाज असते मला माहीत नाही. इथली गती कापसाची होती.

आणि एवढं करून मास्तरांचं समाधान नाही. गाणं कसंही झालं तरी टेप थांबवून म्हणायचे, "अजून एकदा." रशीद मान खाजवत माझ्याकडे बघायचा. एकदा तो म्हणाला, "मास्तर, बॅण्डमध्ये वाजवलं तर जेवण मिळतं. इथं नुसती खाज मिळते." मास्तर म्हणाले, अजून एकदा.

नऊ गाणी अशी झाली. दहावं होतं 'झालं?'. ते मास्तरांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं आणि ते काही केल्या त्यांच्या मनासारखं होईना. रोज अजून एकदा, अजून एकदा. तेवढ्यात केंद्रावरून निरोप आला की उद्या सकाळी आमच्या गाडीचा नंबर आहे. नंबर चुकला की पुन्हा रांगेत शेवटी, आणि कापूस तोवर पिवळा पडणार. मास्तर ह्यांच्याकडे गेले. ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, कापूस जाणार. सकाळी मजूर पलीकडच्या कोपऱ्यातून काढायला सुरुवात करतील. त्यांचा हात तुमच्यापर्यंत येईतो जे वाजवायचं ते वाजवा.

सकाळी आमचा गाडीवान सुपडू आणि दोघं मजूर आले. चादरी अंथरून कापूस बांधायचा, डोक्यावर घ्यायचा आणि बाहेर गाडीत टाकायचा, असं सुरू झालं. मास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं की चप्पल काढा, खोकू नका, माझ्या खुणेशिवाय शिंकू नका. सुपडू मला म्हणे, "अक्का, हाई काय शे?" मी म्हटलं, काम कर.

तिघांनी गाणं धरलं. माणसं गाठोडी घेऊन ये-जा करताहेत, मागची भिंत हळूहळू उघडी पडतेय आणि तसतसा आवाज मोठा होतोय, हे मला दारातसुद्धा कळत होतं. पोह्यांच्या ओळीपर्यंत उशीवरच्या थापट्या होत्या. पुढच्या कडव्यात ड्रम ड्रमसारखा वाजायला लागला. मास्तरांचा आवाज भिंतीला लागून परत येत होता. ते डोळे मिटून गात होते, त्यांना पत्ता नाही. मी मात्र बादली विसरून ऐकत होते.

आणि सुपडूचा पाय वायरमध्ये अडकला. त्याने गाठोड्यासकट झटका दिला. ओसरीवरच्या प्लगमधून ठिणगी उडाली ती मी डोळ्यांनी पाहिली. गाडीत, ओसरीवर, त्याच्या डोक्यावर, सगळीकडे कापूस. मग मी जे ओरडले ते आमच्या घरच्या अहिराणीत ओरडले. "वायर सोड रे मुडद्या! बठ्ठा कापूस जळी जाई!" सुपडू म्हणतोय, "मना पाय अटकना, अक्का," आणि मी त्याच्या आई-बापापासून सुरुवात करून त्याच्या बैलापर्यंत आले, तोंड चालू आणि पाय पळताहेत. प्लग उपटून फेकला.

गिटार बंद. तरी मास्तर थांबले नाहीत. गिटार नाही, पेटी नाही, नुसता रशीदचा ड्रम, आणि त्यावर ते शेवटचं कडवं म्हणताहेत. संपवलं. मी धापा टाकत दारात आले. हे तिघं बसलेत, आजूबाजूला मूठभर कापूस उरलाय. मी म्हटलं, "झालं?"

टेपरेकॉर्डर सेलवर होता. सगळं त्यात गेलं.

मास्तरांना ते गाणं पुन्हा भरायचं होतं, पण कापूस केंद्रावर पोचला होता आणि होळी आली होती. तशीच टेप घेऊन मुंबईला गेले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा पट्टी खिशात होती. मला काही बोलले नाहीत. ह्यांना ओसरीवर हळू आवाजात सांगत होते, मी माजघरात होते, बहिरी नव्हते. त्या माणसाने पहिली नऊ गाणी अर्धी-अर्धी ऐकली आणि म्हणाला, ही गादीखालून आल्यासारखी वाटतात. दहावं मात्र पूर्ण ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "ही बाई कोण?" म्हणाला, नऊही अशीच करून आणा, मोकळ्या खोलीत, मी कॅसेट काढतो.

मास्तरांना हा अपमान वाटला. तरी त्यांनी प्रयत्न केला. मोकळ्या खोलीत तिघं पुन्हा बसले. मी पण बसले, बादलीशिवाय. आवाज छान घुमत होता. पण खाज नव्हती ना. रशीद निवांत वाजवतोय, मधू भिंतीला टेकलाय, गाणं काही केल्या संपेना. ह्यांच्या अभंगासारखं झालं. मास्तर घड्याळ बघताहेत आणि त्यांचा चेहरा उतरत चाललाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? माझ्याकडून पसाभर कापूस मागून घेतला आणि रशीदच्या कॉलरमध्ये घालायला गेले. रशीद उठला, ड्रम खांद्याला अडकवला, मला सलाम केला आणि सायकलवरून गेला तो परत आला नाही. लग्नसराई सुरू झालीच होती. मधू कधी यायचा थांबला ते कुणालाच कळलं नाही.

मग मास्तरांनी जी होती तीच टेप जळगावला नेली आणि दोन तोंडांच्या मशीनवर स्वतः कॅसेटी करून आणल्या. वर फोटो, कापूस जायच्या आधी काढून ठेवलेला. तिघं कापसाच्या खोबणीत, गळ्यात पट्ट्या, रशीदचीसुद्धा, फोटोपुरती सोडवून आणलेली, आणि काळ्या पट्ट्यांवर कापूस चिकटलेला. जळगावच्या दुकानदाराने आधी ती इंग्रजी कॅसेटींच्या फळीवर ठेवली. तिथे कुणी हात लावेना. मग भावगीतांत ठेवली. एक गिऱ्हाईक भांडून परत करून गेलं. मग त्याने स्वतः शेवटपर्यंत ऐकली, माझ्या शिव्या ऐकल्या आणि उचलून विनोदी कॅसेटींमध्ये ठेवली. तिथे ती खपली. पाळधी, एरंडोलपर्यंत गेली. आमच्या नात्यातल्या एका लग्नात माझी ओळख करून देताना कुणी म्हणालं, ह्याच त्या वायरवाल्या अक्का. मला काय, मी जेवले.

मास्तरांना कळलं तेव्हा ते सकाळच्या गाडीने जळगावला गेले, दुकानातल्या उरलेल्या सगळ्या कॅसेटी काखोटीला मारून घेऊन आले आणि ट्रंकेत घातल्या. मी म्हटलं, अहो, लोक ऐकत होते ना? म्हणाले, "ते ऐकत नव्हते अक्का, हसत होते." ह्यांनी समजूत घातली की हसण्याआधी ऐकावं लागतं. मास्तरांनी ट्रंकेची कडी लावली. पुढे कुणी त्या शेवटच्या गाण्याबद्दल विचारलंच, तर म्हणायचे की ते तसं ठरवूनच केलं होतं. मी समोर बसलेली असले तरी म्हणायचे.

पुढच्या वर्षी त्यांनी धुळ्याला बदली करून घेतली. जाताना ट्रंकेतल्या कॅसेटी आम्हालाच देऊन गेले, ओझं नको म्हणून. ह्यांच्या भजनी मंडळाने पुन्हा भरता याव्यात म्हणून कॅसेटींच्या कडेच्या भोकांवर कागद चिकटवून त्यांवर अभंग भरले. एका कॅसेटमध्ये एकच अभंग मावला. एक मी बाजूला ठेवली होती. कुठे ठेवली ते आता सांगत नाही, नातवंडं शोधतात.

मास्तर पुन्हा आले ते बऱ्याच वर्षांनी. आमचे हे तोवर देवाघरी गेले होते. कापूस आता घरात येत नव्हता, शेतातूनच व्यापारी ट्रक भरून नेत होता. त्या खोलीत लेकाने फरशी बसवली, गुलाबी रंग दिला, कोपऱ्यात टीव्ही. मास्तरांचे केस पांढरे, गळ्याचं बटण उघडं. भेटायला आले, चहा घेतला, आबांची आठवण काढली. लग्न केलं का, असं मी सरळ विचारलं. नाही म्हणाले. शाळेत काय काढून घेता आता? फुलदाणीच, म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो, ते जरा कमी.

उठता उठता म्हणाले, अक्का, खोली बघू का.

मी दार उघडलं. ते आत जाऊन मधोमध उभे राहिले, वर आढ्याकडे पाहिलं, जिथे माइक टांगला होता. मग एक टाळी वाजवली. फरशीवरून, भिंतींवरून टाळी परत आली. ते मान कलती करून ऐकत राहिले, आणि त्यांचा हात आपसूक मानेकडे गेला. नावालाही बोंडभर कापूस नव्हता त्या खोलीत. मास्तर कॉलरमध्ये बोटं घालून मान खाजवत होते.

"झालं?" मी विचारलं.

"अजून एकदा, अक्का," ते म्हणाले आणि पुन्हा टाळी वाजवली.

मी दार धरून उभी राहिले. थोड्या वेळाने माझंही कोपर खाजायला लागलं.